झेड ड्राइव्हवरची लाल फुली : शिरूर-दौंडमधील संस्था कर्मचाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व संचालक मंडळ,
शिरूर व दौंड तालुक्यांतील पतसंस्था आणि दूध संस्था

विषय : संगणक पुन्हा सुरू केल्यावर सामायिक ड्राइव्ह जोडला न जाणे

महोदय,

वीज जाऊन आली की काउंटरवरच्या पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते, सर्व नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत. सर्व्हरवरच्या सामायिक झेड ड्राइव्हवर लाल फुली दिसते आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही. दूध बिलाचा दिवस असेल तर दहा दिवसांच्या पैशांसाठी आलेली माणसे पासबुक हातात घेऊन उभी असतात. आतून आवाज येतो, "ऑपरेटरला काही येत नाही का?" ऑपरेटरला येते. त्याला सर्व्हरला हात लावायची परवानगी नसते.

दोष कुठे आहे ते आधी सांगतो. आमच्याकडे 'सर्व्हर' म्हणजे बहुधा सचिवांच्या केबिनमधला जुना पीसी असतो (त्यावरच सभेच्या नोटिसा टाइप होतात आणि कधीमधी लग्नपत्रिकाही). वीज आल्यावर सगळी यंत्रे एकदमच सुरू होतात. काउंटरचा नवा संगणक लगेच लॉगिन होऊन ड्राइव्ह शोधतो. तेव्हा जुन्या हार्ड डिस्कचा सर्व्हर अजून उठतच असतो आणि राउटरचे दिवेही स्थिर झालेले नसतात. विंडोज लॉगिनच्या वेळी एकदा प्रयत्न करते आणि फुली मारून मोकळे होते. वर राउटरने सर्व्हरला नवा आयपी पत्ता दिला, तर जुन्या आकड्यांवर जोडलेला ड्राइव्ह दिवसभर सापडत नाही.

खूण ओळखली तर कारण कळते. फुलीवर डबल क्लिक केल्यावर ड्राइव्ह उघडला, तर तो फक्त वेळेचा घोळ असतो. पासवर्ड मागितला, तर जतन केलेला पासवर्ड जुना झाला आहे. मार्ग सापडत नाही असे आले, तर पत्ता बदलला आहे किंवा सर्व्हर बंद आहे. पंधरा मिनिटे काम न झाल्यास सर्व्हर आपणहून जोडणी सोडतो आणि तेव्हाही फुली दिसते. तो बिघाड नव्हे. प्रत्येक काउंटरवर एवढे मराठीत लिहिलेला एक कागद चिकटवला, तर निम्म्या तक्रारी देखभालीच्या ठेकेदारापर्यंत जाणार नाहीत.

मायक्रोसॉफ्टलाही हा दोष नाकारता आलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत लॉगिननंतर ड्राइव्ह जोडले जात नव्हते. दुरुस्ती येईपर्यंत कंपनीनेच ड्राइव्ह पुन्हा जोडणारी छोटी स्क्रिप्ट वापरायला सांगितले होते. तेव्हा या फुलीपायी कोणाला 'कामचुकार' म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

आमची खरी तक्रार मात्र फुलीची नाही, त्यानंतर मिळणाऱ्या तोंडी आदेशांची आहे. "डाटा डेस्कटॉपवर कॉपी करून काम चालू ठेवा," असे सांगितले जाते. दुपारी ड्राइव्ह येतो तेव्हा एकाच दिवसाचे दोन डाटा झालेले असतात, एक काउंटरवर आणि एक सर्व्हरवर. कोणीतरी एकावर दुसरा चढवतो आणि कुणाचा तरी भरणा गायब होतो. संध्याकाळी रोकड जुळत नाही आणि तूट कर्मचाऱ्याच्या नावावर टाकली जाते. म्हणून पहिली मागणी अशी : डाटा कॉपी करून काम करण्यास लेखी मनाई असावी. ड्राइव्ह येईपर्यंत व्यवहार हस्तलिखित चलनावर व्हावेत, नंतर त्यांची नोंद करायला वेळ मिळावा आणि तो वेळ हजेरीत धरावा. अशा दिवशीची तूट चौकशीशिवाय पगारातून कापू नये.

दुसरी मागणी सर्व्हरची. तो स्वतंत्र असावा, त्यावर दुसरे काम नको. सर्व्हर, स्विच आणि राउटर तिन्ही एका यूपीएसवर हवेत. काउंटरला यूपीएस आणि सर्व्हर उघडा, ही आजची रीत उलटी आहे. सर्व्हरचा आयपी पत्ता कायम ठेवावा आणि ड्राइव्ह आकड्यांऐवजी सर्व्हरच्या नावाने जोडावेत.

तिसरी मागणी, प्रत्येक काउंटरवर लॉगिननंतर थोडे थांबून ड्राइव्ह पुन्हा जोडणारी स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरमध्ये बसवावी. ती 'सर्वोच्च अधिकारां'नी चालवू नये. तसे केल्यास ड्राइव्ह जोडला जातो, पण साध्या वापरकर्त्याच्या खिडकीत दिसत नाही आणि फुली तशीच राहते. बसवून गेलेल्या माणसाला हे माहीत नसेल, तर आम्ही सांगू.

चौथी मागणी सभासदांच्या हिताची आहे. फुली घालवायचा सोपा उपाय म्हणून फोल्डर 'एव्हरीवन'ला खुला केला जातो, फायरवॉल बंद केली जाते, फाइली सामायिक करण्याचा जुना एसएमबी १ प्रोटोकॉल चालू केला जातो. याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ आपोआप घालणे थांबवायला सुरुवात केली. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीत तर प्रो संगणकही बिनपासवर्डचे सामायिक फोल्डर मुळातच नाकारतो. नवे यंत्र घेतल्यावर ड्राइव्ह का लागत नाही, याचे उत्तर अनेकदा तिथेच असते. म्हणून प्रत्येकाला सर्व्हरवर स्वतंत्र नाव आणि पासवर्ड द्यावा, आणि तो बदलला की त्याच संध्याकाळी काउंटरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्येही (जिथे विंडोज पासवर्ड जतन करते) बदलावा. ठेवीदारांचा डाटा उघड्यावर टाकून आमचे काम सोपे होणार असेल, तर ते आम्हाला नको.

देखभालीच्या कराराविषयी थोडक्यात : ठेकेदार पुण्याहून यायचा म्हणजे दिवस जातो. किती वेळात प्रतिसाद द्यायचा ते करारात लिहावे आणि केलेला प्रत्येक बदल संस्थेतल्या नोंदवहीत उतरवावा. आज तो बदल ठेकेदाराच्या डोक्यात राहतो आणि ठेकेदार बदलला की त्याच्याबरोबर जातो.

पहिल्या दोन मागण्या ३१ मार्चच्या ताळेबंदाआधी पूर्ण व्हाव्यात. हे पत्र येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, चर्चेला आमचे दोन प्रतिनिधी बोलवावेत आणि ठरावाची प्रत द्यावी, ही विनंती.

आपले,
शिरूर व दौंड तालुक्यांतील संस्थांचे लिपिक व संगणक चालक