सुताराचे गॉथिक

गॉथिक म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दगडच उभा राहतो. मुंबईचा राजाबाई मनोरा, कुलाब्याचे १८५८ सालचे अफगाण चर्च, पुण्याचे १८६७ मधील सेंट पॉल्स, ही सारी पाथरवटाची कामे. परंतु त्याच सुमारास अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत हीच शैली लाकडात उतरत होती आणि तिचा कर्ता गावचा सुतार होता, याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

टोकदार कमान रुजली ती दगडी छताचा भार पेलण्यासाठी. लाकडाला तिची गरज नाही. तरीही लाकूड मुबलक, पाथरवट दुर्मीळ आणि गावची थैली रिकामी, अशा परिस्थितीत ती लाकडात आली. रिचर्ड अपजॉन हा मूळचा इंग्लंडमधील लाकडी सामान घडविणारा कारागीर. न्यूयॉर्कचे दगडी ट्रिनिटी चर्च १८४६ मध्ये त्याच्याच आराखड्यानुसार पूर्ण झाले. त्यानेच १८५२ साली लाकडी चर्चचे नकाशे, मापे व साहित्याचा तपशील देणारे पुस्तक काढले. वास्तुशिल्पज्ञ न परवडणाऱ्या गावाने ते सरळ सुताराच्या हाती द्यावे! उभ्या फळ्या, सांध्यांवर अरुंद पट्ट्या, तीव्र उताराचे छप्पर, टोकदार खिडक्या. पट्ट्या वस्तुतः वारापाऊस अडविण्यासाठी. पण त्यांच्या उभ्या रेषांनी इमारतीला गॉथिकची ऊर्ध्व ओढ आपोआप लाभली. ग्रँट वुडच्या १९३० च्या प्रसिद्ध चित्रात शेतकऱ्यामागे दिसणारी टोकदार खिडकी याच परंपरेतली.

हे दगडाचे सोंग आहे, असा आक्षेप घेता येईल. तो निराधार नाही, अपुरा मात्र आहे. खुद्द दगडी गॉथिकचा माथा लाकडाचाच होता. पॅरिसच्या नोत्र दामचे १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले ते ओकचे छप्पर. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले, याचे श्रेय निधीइतकेच कुऱ्हाडीने तुळया तासू शकणाऱ्या सुतारांनाही द्यावयास हवे.

असे हात आपल्याकडे किती उरले? शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले. तट आणि जोती राहिली. त्या सुतारकामाची कल्पना आज विश्रामबागवाड्याच्या सुरूदार खांबांवरून करावी लागते. ही झाली पेशव्यांची कामे. हिंजवडीलगतच्या मारुंजीसारख्या गावांत जमिनीचे भाव चढले, तसे तुळया-खणांचे घर अडगळ ठरू लागले. घर उतरविले की सागवानाला गिऱ्हाईक मिळते; सांधा कसा बसविला होता, हे विचारणारे कोणी नसते.

अपजॉनने सुताराचे ज्ञान मापांसह कागदावर आणले, तेवढे येथेही अशक्य नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम शिकविले जाते. मालकाने आठ दिवस दिले, तर तेथील विद्यार्थी घर उतरविण्यापूर्वी त्याचा खण न् खण मोजून, सांधे उकलून त्यांची चित्रे काढू शकतील. खर्च कागद-पेन्सिलीचा आणि एका जाणत्या सुताराच्या मजुरीचा.