वाड्यात पाहुणेही राहोत, घरही राहो

दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवीकडच्या पोळी, इथे ज्यांच्या चार-पाच पिढ्या गेल्या त्या मंडळींपुढे हल्ली एकच प्रश्न आहे : वाड्याचे करायचे काय? हिस्सेदार दहा, त्यातले सहा पुण्यात नाहीतर परदेशात, आणि छप्पर गळते. मग बिल्डर येतो. वाड्याच्या जागी दुकानांचे कॉम्प्लेक्स होते, घरची माणसे कारेलीबाग-मांजलपूरला फ्लॅटमध्ये जातात. त्यांच्याबरोबर वॉर्डातली मराठी मतेही जातात. ती आपण मोजतो निवडणुकीच्या तोंडावर!

आमचे म्हणणे असे, की नवे बांधायचेच असेल तर घर आणि हॉटेल एकाच इमारतीत बांधा. रस्त्याला दुकाने, पुढच्या माडीवर पाहुण्यांच्या आठ-दहा खोल्या, मागच्या चौकाभोवती कुटुंबांची घरे. आज बाहेरगावचा माणूस स्टेशनाजवळ सयाजीगंजात उतरतो. सूरसागर, तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे, न्यायमंदिर, मांडवी हे सारे पायी हिंडण्याजोगे. तो मात्र रिक्षाने येतो, फोटो काढतो आणि जेवायला परत तिकडेच. २०१८ साली न्यायमंदिरातली न्यायालये दिवाळीपुऱ्याला हलली, तेव्हापासून वकील-पक्षकारांची वर्दळही गेली. अहमदाबादेत मंगळदास गिरधरदासांच्या हवेलीचे हॉटेल झालेच ना?

“घरात परकी माणसे?” असे ज्येष्ठ विचारतील. अरविंद घोष बडोद्यास नोकरीला होते तेव्हा दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्याच घरी राहत. वेगळे राहायचे तर त्याची सोय नकाशातच हवी : जिने दोन, हॉटेलचे स्वयंपाकघर चौकापासून दूर, सांडपाण्याची जोडणी स्वतंत्र. गल्लीत बंब शिरत नाही, म्हणून तीन मजल्यांवर जाऊ नये. हे बिल्डरला रुचणार नाही. आणि तळमजला पार्किंगला मुळीच देऊ नये. तो दिला की ओटा जातो, दुकान जाते, रात्री रस्त्यावर लक्ष ठेवणारे कोणी उरत नाही. मोटारी बाहेर हमरस्त्याला राहू द्या; पाहुण्याची बॅग हातगाडीवरून येईल.

खरी मेख पुढेच आहे. घर म्हणून पास झालेली खोली दोन वर्षांत हॉटेलची खोली होते, आणि एक दिवस वाड्यात फक्त मॅनेजर राहतो. म्हणून मालकी हिस्सेदारांचीच राहावी, हॉटेल मुदतीच्या भाडेकरारावर द्यावे, आणि निम्म्याहून कमी जागा घरांना देणारा नकाशा महानगरपालिकेने पास करू नये. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला हे विचारा, आणि उत्तर चार लोकांसमोर घ्या.

तोवर ज्यांच्या घरी बिल्डरचा करार सहीसाठी येऊन पडला आहे, त्यांनी तो सही करण्याआधी एकदा आपल्या कार्यालयात आणून दाखवावा.