मुद्द्याला न शिवणारी उत्तरं

जातीवर काही मांडलं की प्रतिसाद मिळत नाही, अशी तक्रार मला करता येणार नाही. प्रतिसाद भरपूर मिळतो. मी बेंगळुरूत समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. गेल्या चार वर्षांत जिथे जिथे पेपर वाचला, लेख छापून आला किंवा कुणाला मसुदा वाचायला दिला, तिथे लोक बोलले. कधी कधी तर वेळ संपली तरी थांबेनात. अडचण एवढीच की जे मांडलं होतं त्यावर सहसा कुणी बोललं नाही.

आधी माझा विषय सांगते. या शहरात भाड्याचं घर कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही, यावर माझं काम आहे. घरमालक पहिल्या पाच मिनिटांत काय विचारतो? नोकरी कुठे, मूळ गाव कुठलं, पूर्ण नाव काय, आणि व्हेज की नॉनव्हेज. काही फाटकांवर तर ‘फक्त शाकाहारींसाठी’ अशी पाटीच असते. जात हा शब्द कुणी उच्चारत नाही, तो न उच्चारताच काम होतं. खाण्याचा प्रश्न हे इथे जात विचारण्याचं सभ्य साधन झालं आहे, त्यामुळे शहरात जात विरघळते हा समज पुन्हा तपासला पाहिजे, असं माझं म्हणणं. यावर वाद घालण्यासारखं खूप आहे. नाव ऐकूनच नाकारला जाणारा मुस्लिम भाडेकरू आणि नाव लपवून राहणारा दलित भाडेकरू यांना एकाच चौकटीत बसवता येतं का? स्वतः मटण खाणारा जमीनदार जातीचा घरमालकही ‘व्हेज का?’ असं विचारतो, ते कशासाठी? जो माणूस घरमालकापासून नाव लपवतो, तो मुलाखत घेणाऱ्या माझ्यापासून काय काय लपवत असेल? कुणीतरी मला हे घट्ट पकडून विचारावं म्हणून तर मी पेपर वाचते.

विचारलं जातं ते असं: ‘मांस शिजवण्याचा वास काहींना सहन होत नाही, त्यात जात कुठे आली?’ ‘आमच्या घरमालकाने आम्हाला कधीच काही विचारलं नाही.’ (साहेब, तुमचं आडनाव ऐकल्यावर त्याला आणखी काय विचारायचं राहिलं होतं?) ‘भाषा जरा सौम्य ठेवली असती तर मुद्दा जास्त लोकांपर्यंत पोचला असता.’ आणि अगदी ठरलेला शेवटचा प्रश्न: ‘या संशोधनात तुमची स्वतःची पोझिशनॅलिटी काय?’ पोझिशनॅलिटी हा आमच्या शास्त्रातला चांगला, उपयोगी शब्द आहे. पण त्याच सत्रात माझ्या आधी एका ब्राह्मण संशोधकाने मंदिरातल्या उत्सवांवर पेपर वाचला होता, त्याला तो कुणी विचारला नाही. घरमालक व्हेज-नॉनव्हेज विचारतो आणि परिसंवादात पोझिशनॅलिटी विचारतात. हवी असलेली माहिती एकच.

मला याची आता सवय झाली आहे. वाईट वाटलं ते माझ्या एका धाकट्या मैत्रिणीचं. ती बेंगळुरूच्या पौरकार्मिकांवर, म्हणजे शहर झाडणाऱ्या कामगारांवर काम करते. यात दलित बायकांची संख्या फार मोठी आहे, आणि अनेकींच्या घरात तेलुगू बोलतात. कंत्राटदाराकडची हजेरी, मिळणारे आणि न मिळणारे हातमोजे, वाटेत लघवीला कुठे जायचं, असा तिचा बारीक तपशिलाचा पेपर होता. पहिला प्रतिसाद तिच्या इंग्रजी उच्चारांवर आला, दुसरा ‘सफाई कामगारांविषयी आपण सर्वांनी कृतज्ञ असलं पाहिजे’ असा, आणि तिसऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या परदेश प्रवासातल्या स्वच्छ रस्त्यांचं वर्णन केलं. हजेरीपटावर एकही प्रश्न नाही. त्यानंतर वर्षभर तिने कुठेही पेपर पाठवला नाही.

ही तऱ्हा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७०च्या दशकात ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हा त्यांच्या उपहासाचं एक मोठं लक्ष्य फुल्यांचं मराठी व्याकरण होतं. शूद्रातिशूद्रांच्या गुलामीची जी कारणमीमांसा ‘गुलामगिरी’त आहे ती खोटी आहे, हे दाखवण्यापेक्षा ती अशुद्ध आहे हे दाखवणं सोपं होतं. मैत्रिणीच्या उच्चारांवर बोलणारे प्राध्यापक चिपळूणकरांचे वाचक असतील असं मला वाटत नाही. ही विद्या वाचून शिकावी लागत नाही.

ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली आलं. त्यावर एवढी टीका झाली की १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात फुल्यांना त्यांच्या बाजूने लिहावं लागलं. बुलढाण्याच्या या बाईंचं त्यानंतरचं एकही पुस्तक आपल्याला माहीत नाही, आणि हे पुस्तकही जवळजवळ विस्मरणात गेलं होतं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. त्या का थांबल्या, याचं एकच कारण देणं धाडसाचं होईल. पण मैत्रिणीचं ते वर्ष मी जवळून पाहिलं असल्यामुळे मला अंदाज करता येतो.

मी परभणी जिल्ह्यातली. ‘साधना’ साप्ताहिकाचं नाव कळण्याच्या कितीतरी आधी मी ब्राह्मणगावचं नाव ऐकलं होतं. १९७२ साली तिथे दलित स्त्रियांना नागवं करून त्यांची विटंबना केली गेली. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यात बावड्याला दलितांवर गावाने बहिष्कार टाकला होता. आणि त्याच वर्षी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. अनिल अवचटांच्या पुढाकाराने ‘साधना’चा १५ ऑगस्टचा विशेषांक दलितांच्या प्रश्नावर निघाला आणि त्यात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. ढाल्यांनी दोन शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या: राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये दंड, दलित स्त्रीची अब्रू घेतली तर ५०. त्या हिशेबातून त्यांनी ध्वजाविषयी एक जहाल वाक्य लिहिलं. ते संतापाच्या भरात लिहिलं गेलं, असं त्यांचे चाहतेही म्हणतात. मला ते थंड डोक्याने लिहिलेलं वाटतं. दोन आकडे समोर ठेवल्यावर तिसरी ओळ जी यायची तीच आली आहे.

महाराष्ट्र पेटला तो त्या ओळीवर. ध्वजाचा अपमान झाला की नाही, भाषा असभ्य आहे की नाही, ‘साधना’ने हे छापावं का, याचीच चर्चा चालली. दुर्गा भागवतांसारख्या लेखिकेनेही निषेध केला. त्या काही सनातनी गोटातल्या नव्हत्या, पुढे आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या बाई. म्हणूनच तो निषेध मला जास्त बोलका वाटतो. ३०० आणि ५० यांत एवढी तफावत का, हा लेखातला खरा प्रश्न होता. आकडे चुकले आहेत, किंवा अशी तुलना करणंच गैर आहे, असं कुणी पुढे येऊन सिद्ध करू पाहिलं असतं तर ते उत्तर झालं असतं. चर्चेचा सगळा भर ध्वजावर राहिला आणि ब्राह्मणगावच्या बायका लेखात होत्या तिथेच राहिल्या. त्याच वर्षी मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर मात्र या वादामुळे राज्यभर पोचली, ती गोष्ट वेगळी.

पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे जवळपास हेच घडलं. हे मला बेंगळुरूत राहायला आल्यावर कळलं, आणि आपल्याकडे ते फारसं माहीत नाही म्हणून इथे सांगते. बी. बसवलिंगप्पा हे देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी कर्नाटकात त्यांचं नाव आजही घेतलं जातं. नोव्हेंबर १९७३ मध्ये म्हैसूरच्या एका कार्यक्रमात त्यांनी कन्नड साहित्यातलं बरंचसं ‘बूसा’ आहे असं म्हटलं, आणि दलित मुलांनी इंग्रजी शिकावं असा सल्ला दिला. बूसा म्हणजे आपला भुसा, जनावरांपुढे टाकतात तो. झालं. कन्नडचा अपमान झाला म्हणून दंगे उसळले, दलित विद्यार्थ्यांना मारहाण झाली, आणि बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. या साहित्यात आमच्या पोरांना पोटाला लागेल असं काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर पुस्तकाचं पान उघडून देता आलं असतं, ते दगडाने दिलं गेलं. खुद्द कुवेंपूंनी बसवलिंगप्पांची बाजू घेतली होती. ज्यांच्यावर हल्ले झाले त्या पिढीतूनच पुढे दलित संघर्ष समिती उभी राहिली आणि देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या यांच्या हातून कन्नडमध्ये असं साहित्य आलं ज्याला कुणी बूसा म्हणणार नाही.

ढाल्यांच्या वेळी ध्वज पुढे आला, बसवलिंगप्पांच्या वेळी भाषा आणि फुल्यांच्या वेळी व्याकरण. मुद्दा मात्र प्रत्येक वेळी कुणाचा हात न लागता पडून राहिला. मी याला अस्पृश्यता म्हणते ती अलंकार म्हणून म्हणत नाही. शिवाशिवीचा नियमच असा आहे की समोरच्याचं अस्तित्व नाकारायचं नाही, त्याच्याशी व्यवहारही ठेवायचा, फक्त त्याच्या हातचं घ्यायचं नाही. विचाराच्या बाबतीत हातचं घेणं म्हणजे तो खरा की खोटा हे तपासायला घेणं.

तपासणं कसं असतं याचा नमुनाही आपल्याकडेच आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ सालच्या परिषदेसाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, छापलेलं भाषण वाचून ते बिचकले आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने प्रसिद्ध केलं. जुलैमध्ये गांधींनी ‘हरिजन’मधून त्याचं परीक्षण केलं. त्यात आठ आणे किंमत जास्त आहे, दोन किंवा फार तर चार आणे ठेवायला हवी होती, असाही शेरा आहे. (आमच्याकडच्या परिसंवादात हा शेरा अगदी शोभला असता.) पण गांधींनी मुद्देही घेतले: शास्त्रांतली कोणती वचनं प्रमाण मानायची, आणि धर्माची पारख त्याच्या वाईट नमुन्यांवरून करायची की ज्ञानदेव-तुकारामांसारख्या उत्तम नमुन्यांवरून. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींचं परीक्षण परिशिष्टात छापलं आणि त्याच्या पुढे आपलं उत्तर. उत्तराच्या सुरुवातीलाच आपण भाषणात कोणते प्रश्न उपस्थित केले होते त्यांची यादी दिली, आणि महात्म्याने त्यांतल्या कशाला हात घातला नाही हे वाचकाला दिसू दिलं. मग आक्षेप एकेक करून घेतले. वचनं प्रक्षिप्त असली तरी सामान्य हिंदू ती शास्त्र म्हणूनच पाळतो. संत थोर होते, पण जातीवर त्यांनी हल्ला चढवला नाही. मला इथे गांधींपेक्षा बाबासाहेबांची शिस्त जास्त महत्त्वाची वाटते. विरोधकाचं म्हणणं संपूर्ण छापायचं, म्हणजे आपलं उत्तर अपुरं पडलं तर वाचकाला तेही दिसेल.

आता जरा घरातलं बोलते. माझा एखादा लेख आला की आपल्याच लोकांकडून ‘जय भीम ताई, जबरदस्त’ असं येतं. ते वाचून बळ मिळतं, नाही कशाला म्हणू. गावाकडच्या एखाद्या मुलीला त्यातून लिहावंसं वाटत असेल तर हवंच आहे. पण कधी कधी लेख छापून पाच मिनिटंही झालेली नसतात आणि लेख पंधरा मिनिटांचा असतो. दुसऱ्या टोकाला, पोटजातीचा किंवा बाईपणाचा विषय काढला की ‘चळवळीत फूट पाडू नका’ असं उत्तर येतं. ते ‘भाषा सौम्य ठेवा’चंच भावंड आहे. सवर्णांनी मुद्दा टाळला तर त्यात त्यांचा फायदा तरी आहे. आपण टाळला तर आपल्या लेखकाला धार कुठून यायची? फुले, बाबासाहेब आणि ढाले यांना आपण शाबासकी देऊन मोकळे झालो, तर त्यांच्याशी भांडण उकरायचं काम कायम दुसऱ्यांकडेच राहील, आणि ते ते व्याकरणावरूनच उकरतील.

पौरकार्मिकांवरचा तो पेपर मी गेल्या महिन्यात मैत्रिणीकडून मागून घेतला. समासात सहा प्रश्न लिहून परत पाठवला. कंत्राटदाराची हजेरी आणि बायकांनी तोंडी सांगितलेले दिवस जुळत नाहीत, तर तू कुणाचं धरलंस आणि का, हा त्यातला पहिला. तिघांना तिने उत्तरं दिली, दोन प्रश्न चुकीच्या समजुतीवर उभे आहेत असं कारणासह कळवलं. हजेरीच्या प्रश्नावर मात्र ती पुन्हा त्या बायकांकडे गेली आहे, सकाळी सहाच्या पाळीला.