घोड्याला विचारून जागा घ्या

पुण्याची माणसं आमच्या मुळशीकडं जागा बघायला यायला लागली त्याला आता तीस वर्षं होत आली. आधी आली ती नुसत्या बंगल्यासाठी. मग आमराईसाठी, मग सेंद्रिय भाजीसाठी. आता एक नवी मंडळी निघालीत, त्यांना घोडा पाळायचाय. घोडा पाळण्याला माझा विरोध नाही. उलट, मोटारीवर जीव टाकण्यापेक्षा जित्या जनावरावर टाकलेला बरा. माझं भांडण आहे ते त्यांच्या जागा बघण्याच्या रीतीशी. ही माणसं मोटारीतनं उतरतात, डोंगराकडं बघतात, धरणाचं पाणी दिसतंय का बघतात, चांदणी चौकातनं यायला किती मिनिटं लागली ते सांगतात, मोबाईलला रेंज आहे का बघतात आणि इसार देऊन जातात. एवढ्या सगळ्यात घोड्याला कुणी काही विचारलेलंच नसतं.

घोड्याला विचारलं असतं तर त्यानं पहिल्यांदा पावसाचं सांगितलं असतं. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोच लोणावळ्याला चार हजारांच्या पुढं जातो, आणि आमच्या ताम्हिणीच्या अंगाला तर विचारूच नका. पूर्वेला दौंड-बारामतीकडं जावं तर पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. आमच्याकडं ज्येष्ठाच्या शेवटापासून भाद्रपदापर्यंत जमीन वाळत नाही. घोडं त्या चिखलात उभं राहिलं की खूर मऊ पडतं, खुराच्या तळाची गादी कुजते, वास मारायला लागतो, मग नाल धरत नाही आणि घोडं लंगडतं. शहरातली माणसं म्हणतात, पावसाळ्यात काय सुंदर दिसतं हो तुमच्याकडं! दिसतं ना. पण ते बंगल्याच्या काचेतनं. घोड्याच्या पायाखालनं बघा एकदा.

आमच्या आजोबांच्या दारात एक तट्टू असायचं. आषाढ लागायच्या आत आजोबा ते आत्याच्या सासरी, यवतच्या बाजूला पोचवायचे आणि दसऱ्याच्या आधी परत आणायचे. आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण तट्टू कुठल्या महिन्यात कुठं असावं ते येत होतं.

आणि हे काही आजोबांचं एकट्याचं शहाणपण नव्हतं. पुण्याचं रेसकोर्स १८३० सालचं. तिथल्या शर्यती कधी होतात? जुलै ते ऑक्टोबर. बाकीचा हंगाम मुंबईला महालक्ष्मीवर. म्हणजे मुंबईचा पाऊस टाळायला लाखमोलाची घोडी पुण्याला येतात. जो पाऊस टाळायला घोडी घाट चढून येतात, तोच पाऊस शोधत ही हौशी मंडळी पुन्हा घाटाच्या तोंडाशी जाऊन तबेला बांधतात. याला काय म्हणावं? पुण्याच्या जुन्या घोडेवाल्यांनी आपले स्टड फार्म कुठं काढले तेही बघा. हडपसरला, मांजरीला. शहराच्या पूर्वेला, कमी पावसाच्या, उघड्या माळाच्या अंगाला, खडकवासल्याचा कालवा जवळून जातो तिथं. त्यांना काय पश्चिमेचे डोंगर दिसत नव्हते? दिसत होते. पण त्यांनी आधी घोडा बघितला, मग डोंगर.

त्याच्याही मागं जायचं तर मराठ्यांच्या घोडदळाचं नाव काढावं लागतं. ज्या तट्टांवर मराठ्यांनी मुलूख पालथा घातला ती भीमथडीची तट्टं. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला तो कोरडा मुलूख. जुन्या सरकारी दप्तरात दौंड-बारामतीकडच्या भागाला भीमथडी तालुका असंच नाव होतं. मावळानं माणसं दिली, भीमथडीनं घोडी दिली. ज्या मातीत जे पिकतं ते तिथं पिकवावं, एवढं तर दहावी शिकलेल्या माझ्यासारख्यालाही कळतं.

दुसरी गोष्ट पोटाची. आमचा भाताचा मुलूख. भाताचा पेंढा गाईम्हशी कशातरी खातात, कारण त्या रवंथ करतात. घोडं रवंथ करत नाही. त्याला चांगलं वाळलेलं गवत पाहिजे, कडबा पाहिजे, वर चंदी पाहिजे. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो सुकी वैरण लागते. नऊ धरली तरी वर्षाला तीन टनांच्या वर गेली. एवढी वैरण आमच्या दमट हवेत साठवायची म्हणजे बुरशीशी रोजची लढाई. आणि बुरशी लागलेली वैरण घोड्याच्या पोटात गेली की पोटशूळ. घोड्याला ओकारी करता येत नाही. गाईला येत नाही ते चालतं, तिच्याकडं चार कप्पे आहेत. घोड्याचं पोट लहान, दहा-पंधरा लिटरचं. त्याला थोडं थोडं, पण दिवसातले पंधरा-सोळा तास खायला पाहिजे. तुम्ही सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाटी भरून ठेवली आणि मधे त्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, तर ते लाकूड कुरतडतं, हवा गिळतं, डोलत राहतं. बघणारे म्हणतात, घोडं नाचतंय. ते नाचत नसतं हो, ते कंटाळ्यानं खुळावलेलं असतं.

आणि जागा किती घेतात? दहा-अकरा गुंठे. अकरा गुंठे म्हणजे बारा हजार चौरस फुटाला थोडे कमी. त्यात बंगला, पोहायचा हौद, दोन मोटारींची जागा, हिरवळ, आणि कोपऱ्यात तबेला. फुटांत सांगितलं की मोठं वाटतं. पण घोडं फुटांत चालत नाही, कोसांत चालतं.

आपल्याकडं लहानपणी सगळ्यांना घातलेलं कोडं आहे. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवला नाही म्हणून. आता फिरवायचा तर कुठं? अकरा गुंठ्यात? नाही. तो फिरणार गायरानात, शिवरस्त्यानं, ओढ्याच्या काठानं, माळावरनं. म्हणजे घोड्याची खरी जागा तुमच्या सातबाऱ्यावर नसतीच मुळी. ती गावाच्या सामाईक जमिनीत असते. म्हणून घोडा पाळणाऱ्यानं आपली जागा बघायच्या आधी गावाची मोकळी जागा बघितली पाहिजे. गायरान किती आहे, त्यातलं शिल्लक किती आहे, शिवरस्ते वाहते आहेत का, ओढ्यापर्यंत जनावर पोचतं का. या गोष्टी बघून जागा घेणारा माणूस मला अजून भेटायचाय.

भेटतात ते उलटे. आमच्याच शिवेवर एकानं घोड्यासाठी म्हणून जमीन घेतली. घेतल्या घेतल्या पहिलं काम काय केलं, तर सिमेंटचे खांब रोवून तारेचं कुंपण ओढलं आणि पिढ्यान्पिढ्या वाहता असलेला शिवरस्ता आत घेतला. नकाशात रस्ता आहे, पायाखाली नाही. आता शेतकऱ्यानं काय करायचं? तहसीलदारापुढं १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानं दावा लावायचा. रस्ताच नसंल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरनं वाट मागायची. तारखांवर तारखा. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसली गत. आणि गंमत अशी, की त्याच कुंपणवाल्यानं पुढच्या हिवाळ्यात मला विचारलं, काका, घोडा फिरवायला तुमच्याकडं एखादी चांगली मातीची वाट नाही का हो? मी म्हटलं, होती, ती तुमच्या हिरवळीखाली आहे.

माझा खरा राग यापुढं आहे. पुण्याभोवती घोडी पाळणारी माणसं अजून आहेत, पण ती या मंडळींना दिसत नाहीत. दिवाळी झाली की देशावरनं धनगरांचे वाडे कोकणात उतरायला निघतात. कुणी ताम्हिणीनं, कुणी वरंध घाटानं. पुरुष मेंढरांबरोबर, बाया घोड्यांबरोबर. सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर. तंबू, भांडी, पीठ, कोंबड्या, कालपरवा जन्मलेली कोकरं, कधी वर बसलेलं पोर. कोकणात भाताच्या खाचरांत मेंढरं बसवायची, खत द्यायचं, धान्य घ्यायचं आणि पावसाच्या आत परत देशावर यायचं. हीच ती माणसं, ज्यांनी भीमथडीची जात जित्ती ठेवली. सरकारनं अलीकडं भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. कर्नालच्या ब्युरोनं ती नोंद केली. चांगलं झालं. पण कागदावर नोंद झाली म्हणून घोडं जगत नाही. वाट असली तर जगतं.

देशातली घोड्यांची गणती बघा. २०१२ साली सव्वासहा लाखांच्या आसपास घोडी-तट्टं होती. २०१९ च्या पशुगणनेत ती साडेतीन लाखांच्या आत आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. याला कारणं पुष्कळ आहेत, टेम्पो आला, टांगा गेला. पण आमच्या भागातलं कारण मी डोळ्यानं बघतोय. दर साली एकेक वाट बंद. मागच्या खेपेला वाड्याला माळावरनं जाता आलं नाही, डांबरी रस्त्यानं जावं लागलं. मागनं डंपर हॉर्न मारत आला, घोडी बिथरली, बिऱ्हाड रस्त्यावर सांडलं. ती बाई पातेली गोळा करत होती आणि कुंपणाच्या आतनं पाव्हण्याचं मारवाडी घोडं कान टवकारून बघत होतं. त्या मुक्या जनावराला आपली जात कळत होती. मालकाला कळली नाही.

वारीत माउलींचा अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतो. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं की पुण्याची माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. जेजुरीचा खंडोबा घोड्यावर बसलेला. देव घोड्यावरचा चालतो, मग घोड्याबरोबर चालणारी धनगरीण वाटेवर का चालत नाही?

यावर मला उत्तर मिळतं, आम्ही पैसे देऊन घेतलीय जागा, आणि विकली ती तुमच्याच भाऊबंदांनी. खरंय. विकली. सोयरीक, दवाखाना, कर्ज, कुणाची बुलेटची हौस, नाना कारणं. पण भाऊबंदानं त्याचं शेत विकलं. शिवरस्ता विकला नाही, गायरान विकलं नाही, कारण ते त्याचं नव्हतंच. गायरान गावच्या गुरांना मोफत चराईसाठी राखलेलं असतं, १९६६ च्या महसूल संहितेत कलम २२ त्यासाठीच आहे. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं, की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा आणि त्या गावाला परत द्या. पैशानं खरेदीखत होतं, शिव विकत मिळत नाही.

दुसरं उत्तर मिळतं, आम्ही गावाला रोजगार देतो. देता ना. एक रखवालदार, एक लीद काढणारा पोऱ्या. ज्याच्या बापाच्या खुंट्याला चार जनावरं होती त्याला तुम्ही एका जनावराचा नोकर केलंत. तीच लीद शेजाऱ्याच्या शेताला द्यावी आणि त्याच्याकडनं वैरण घ्यावी, असा व्यवहार तरी करा. तर त्याला रोजगार म्हणू.

तर घोडा घेऊन गावाकडं यायचंच असलं तर माझं ऐका. जागा बघायला डिसेंबरात येऊ नका. एकदा जुलैच्या शेवटी या आणि गुडघ्याएवढ्या बुटात बांधावरनं चाला. एकदा मेच्या मध्यात या आणि विहिरीत डोकवा, कारण उन्हाळ्यात एक घोडं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितं. कडब्याची पेंडी कुठनं येते आणि काय भावानं, ते विचारा. नालबंद किती कोसांवर आहे, रात्री दोन वाजता पोटशूळ उठला तर कुठला डॉक्टर येईल, ते विचारा. तलाठ्याकडनं गाव नकाशा घ्या आणि त्यावरचे तुटक रेघांचे रस्ते पायानं चालून बघा. या सगळ्याची उत्तरं मिळाली तर बहुतेक तुम्ही आमच्या मुळशीत जागा घेणार नाही. भीमथडीला जाल. माझा एक गिऱ्हाईकवाला दलाल पुतण्या यावर रागावेल, रागावू दे.

आणि तिथं गेलात तरी कुंपण वाट सोडून घाला. वाटेच्या कडेला पाण्याची एक डोण बांधा. वाडा आला की धनगराला एक रात्र बसू द्या. त्याच्याकडनं घोड्याचं जे कळेल ते कुठल्या क्लबात कळायचं नाही, आणि मेंढरांच्या लेंड्यांचं खत मिळेल ते वेगळंच.

घोडा पाळणं म्हणजे चालणारं जनावर पाळणं. जो स्वतःच्या घोड्याला मोकळी वाट मागतो आणि दुसऱ्याच्या घोड्याची अडवतो, त्यानं घोडा पाळलेला नाही. त्यानं कुंपण पाळलंय, घोडा फक्त शोभेला बांधलाय.