टॉप मॉडेल मागण्याआधी आपला रस्ता तपासा



सोयाबीन-कापसाचे दोन पैसे हाती आले, किंवा महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला बँकेत जमा झाला, की हल्ली गावात पहिला विषय निघतो तो गाडीचा. त्यातही तरुण पोरांच्या तोंडी एकच नाव, थार. गाडी घेऊ नका, असे सांगायला मी हा लेख लिहीत नाही. शेतकऱ्याने चांगल्या गाडीत बसू नये असे म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात मी नाही. पण शोरूममध्ये शिरल्या शिरल्या "टॉप मॉडेल दाखवा" असे जे म्हटले जाते, त्याला मात्र माझा विरोध आहे.

आपण माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, हे आता बहुतेकांना पटले आहे. मग रस्त्याचे परीक्षण न करता गाडीचे मॉडेल कसे ठरवायचे? रोज कुठून कुठे जायचे, किती माणसे बसायची, वर्षातले किती दिवस चिखल तुडवायचा, हे आधी वहीत मांडा. मॉडेल मग आपोआप ठरते.

थार एक नाही, दोन आहेत

पहिली तीन दरवाजांची. ती नव्या रूपात ऑक्टोबर २०२० मध्ये आली. तिच्यात चौघेच बसतात आणि मागे जायचे तर पुढची सीट वाकवून आत चढावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आईला रोज त्या वाटेने बसवून बघा. मागे दोन माणसे बसली की सामानाला जागा जेमतेम उरते. एकट्या-दुकट्या माणसाला ती ठीक आहे. दुसरी पाच दरवाजांची थार रॉक्स. ती १५ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आली. कुटुंबाला रोज वापरायची असेल तर विचार हिचाच करावा लागतो, म्हणून पुढचा हिशोब तिचाच मांडतो.

रॉक्स आली तेव्हा तिचे सहा प्रकार होते. एमएक्स-१, एमएक्स-३, एमएक्स-५ ही एक ओळ आणि एएक्स-३-एल, एएक्स-५-एल, एएक्स-७-एल ही दुसरी. फोर व्हील ड्राइव्ह फक्त डिझेलमध्ये आणि तीही एमएक्स-५ पासून पुढे निवडक प्रकारांत. म्हणजे "थार आहे, कुठेही जाईल" हे बोलणे अर्धवट आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी थार फक्त मागच्या दोन चाकांवर ओढणाऱ्या आहेत. नाव तेच, रूप तेच, पण चिखलात वागणे वेगळे.

एकोणीस लाखांत दोन वेगळ्या गाड्या

२०२४ साली जाहीर झालेल्या शोरूम किमती बघा. एमएक्स-५ डिझेल, हाताने गिअर टाकायची, फोर व्हील ड्राइव्ह १८ लाख ७९ हजार. एएक्स-७-एल डिझेल, तीही हाताने गिअर टाकायची, पण ओढ फक्त मागच्या चाकांना, ती १८ लाख ९९ हजार. (सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला आणि किमती खाली आल्या. आजचा भाव शोरूममध्ये विचारा. मुद्दा फरकाचा आहे.)

फरक अवघा वीस हजारांचा. पण त्या पैशांत एकीकडे चार चाकांची ओढ मिळते, तर दुसरीकडे लांबरुंद काचेचे छत, थंड हवा सोडणाऱ्या सीट, भारी स्पीकर, चारी बाजूंचा कॅमेरा आणि १९ इंची चाके. गावात कौतुक दुसऱ्या गाडीचे होते, कारण ती टॉप मॉडेल. आता मला सांगा, ओढ्यापलीकडच्या वावरात अडकल्यावर काचेचे छत गाडी बाहेर काढणार आहे का?

चाकांचेच घ्या. खालच्या प्रकारांना १८ इंची चाक आणि ६५ टक्के उंचीचा टायर, तर टॉप मॉडेलला १९ इंची चाक आणि ६० टक्के उंचीचा. टायरची रुंदी दोन्हीकडे २५५ मिलिमीटर. हिशोब केला तर टायरची बाजू पहिल्यात सुमारे १६६ मिलिमीटर उंच आणि दुसऱ्यात १५३. म्हणजे दगड-खड्डा सोसणारे रबर टॉप मॉडेलला अर्ध्या इंचाने कमी. खडीच्या रस्त्याला जास्त रबर लागते हे बैलगाडीची धाव गेली आणि टायर आला तेव्हाच आपल्याला कळले होते. शिवाय वरच्या प्रकारांत सीट पांढरट रंगाच्या आल्या. काळ्या मातीतून येणाऱ्या माणसाने त्यावर बसायचे कसे, हा प्रश्न घरच्या बाईमाणसाला विचारा.

एएक्सच्या ओळीत रस्त्यावरचे पट्टे ओळखून गाडी ओळीत ठेवणारी यंत्रणाही मिळते. समृद्धी महामार्गावर तिचा उपयोग आहे. पण तालुक्याच्या रस्त्यावर पट्टेच नसतील तर बिचाऱ्या यंत्राने ओळखायचे काय?

फोर व्हील म्हणजे जादू नव्हे

ज्यांच्याकडे फोर व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर आहे त्यांना हे समजावायची गरज नाही. शेतात पुढचा एक्सल जोडायचा, डांबरीवर आला की सोडायचा. थारचेही तेच. कोरड्या कडक रस्त्यावर चारही चाके जोडून चालवली तर वळणावर पुढची आणि मागची चाके एकमेकांना ओढतात, ताण गिअरवर येतो आणि टायर घासतात. म्हणजे रोजच्या डांबरी प्रवासात फोर व्हीलवालाही दोन चाकांवरच चालतो. दोन लाख जास्त मोजलेली वस्तू त्या वेळी नुसती सोबत वाहून न्यायची, आणि तिच्या वजनाचे डिझेल वेगळे.

दुसरी गोष्ट डिफरन्शियल लॉकची. ट्रॅक्टरचे एक चाक नुसते गरगर फिरू लागले की आपण लॉकचा पेडल दाबतो आणि दोन्ही चाके एकजुटीने ओढतात. गाडीतही हे तत्त्व तेच. कित्येकदा चिखलातून निघायला लॉकचीच मदत जास्त होते. म्हणून विक्रेत्याला स्पीकर किती हे विचारण्याऐवजी "या मॉडेलला मागचा लॉक आहे का, कोणत्या प्रकारचा आहे?" हे विचारा. उत्तर माहितीपत्रकात दाखवायला लावा.

तिसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला लपेटते. दोन फेऱ्यांत टायरच्या खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग चार चाके ओढोत की दोन, गाडी जागच्या जागी रुतते. अशा वेळी ट्रॅक्टर आणि दोर लागतोच. याउलट मुरमाड चढ, घाटातली कच्ची वाट, लाल मातीचा उतार इथे फोर व्हील आणि लो गिअर खरे काम करतात.

चौथी गोष्ट जिवाची. ६५० मिलिमीटर पाण्यातून गाडी जाऊ शकते असे कंपनी सांगते. ते दोन फुटांच्या थोडे वर झाले. पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा समजा, पुलावरून धावणाऱ्या लोंढ्याचा नव्हे. वाहते पाणी गाडीला आडवी ढकलते, पूल कुठे संपतो ते दिसत नाही. फोर व्हील आहे म्हणून पुराच्या पाण्यात गाडी घालू नका. पाणी ओसरेपर्यंत अलीकडे थांबा.

खालचे मॉडेल म्हणजे कमी सुरक्षित?

हा गैरसमज विक्रेते मुद्दाम दूर करीत नाहीत. रॉक्स बाजारात आली तेव्हा सहा एअरबॅग, सगळ्या सीटना तीन टोकांचा पट्टा आणि घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा सर्वात खालच्या एमएक्स-१ पासूनच दिली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत एनसीएपीच्या धडक चाचणीत या गाडीला पाच तारे मिळाले. तेव्हा "पोराबाळांच्या सुरक्षिततेसाठी टॉप मॉडेल घेतले" ही सबब लागू पडत नाही.

एका बाबतीत मात्र मी एमएक्स-१ सोडून एक पायरी वर जायला सांगेन. मागचा कॅमेरा एमएक्स-३ पासून मिळत होता. या गाडीला मागे दारावर स्टेपनी असते आणि मागचे लहान पोर दिसत नाही. आपल्या अंगणात, खळ्यावर, ओट्याशी लेकरे खेळत असतात. कॅमेरा कंपनीचा घ्या नाहीतर बाहेरून बसवा, पण त्याशिवाय गाडी घरी आणू नका. गावच्या वापरात हा खर्च सगळ्यांत आधी करायचा.

हप्त्याचे गणित

२०२४ च्या किमतीत एमएक्स-१ डिझेल १३ लाख ९९ हजार आणि मागच्या चाकांवर चालणारी एएक्स-७-एल डिझेल १८ लाख ९९ हजार. दोन्ही दोन चाकांच्याच, फरक बरोबर पाच लाख. आता पुढे बघा. दहा ते वीस लाखांच्या खाजगी डिझेल गाडीला महाराष्ट्रात १४ टक्के एकरकमी वाहन कर आहे. म्हणजे पाच लाखांवर आणखी ७० हजार. ही ५ लाख ७० हजारांची रक्कम दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढली तर महिन्याला सुमारे १२,१०० रुपये जादा हप्ता बसतो आणि फेड होते जवळपास सव्वासात लाखांची. वरच्या किमतीमुळे विमा वाढतो तो निराळा. किंमत वीस लाखांच्या वर गेली की कर १५ टक्के, तोही सगळ्या किमतीवर.

पगारदार माणसाला हप्ता महिन्याला आणि पगारही महिन्याला. आपले उत्पन्न हंगामाला येते आणि कधी कधी तेही येत नाही. ज्याने मोबदल्याचे पैसे रोख मोजले त्याने तर जास्त विचार करावा. जमीन एकदाच जाते आणि तिचा पैसाही एकदाच येतो. त्यातले पाच लाख काचेत आणि स्पीकरमध्ये घालायचे की विहीर, ठिबक, पोरांची फी यासाठी ठेवायचे, हे शोरूममध्ये नाही, घरी बसून ठरवा.

करातली आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांना ४० टक्के. तीन दरवाजांची, दीड लिटर डिझेलची, मागच्या चाकांवर चालणारी थार पहिल्या गटात बसते. रॉक्स लांबीमुळे दुसऱ्यात जाते. ज्यांच्या घरी माणसे दोन-तीनच आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावे.

रोजचा प्रवास किती लांबीचा?

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला इंजिन चांगले तापून गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. घर ते वावर तीन किलोमीटर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दिवसातून चार खेपा, असा ज्याचा वापर त्याची गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. डिझेल घेणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी मोठ्या रस्त्यावर लांब फेरी मारावी. तेवढी फेरी होणारच नसेल तर पेट्रोलचा विचार करा, मात्र पेट्रोलमध्ये रॉक्सला फोर व्हील नव्हते आणि पेट्रोल गाडी इंधनही जास्त पिते हे जाणून घ्या.

सरपंच आणि अधिकारी मंडळींना

फोर व्हील का घेतली असे विचारले तर बहुतेक शेतकरी एकच कारण सांगतात, वावरापर्यंत रस्ता नाही. हे उत्तर गाडीच्या दुकानदाराचे नाही, आपले आहे. २०२१ साली राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली आणि नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. एका घराने दोन लाख जास्त मोजून फोर व्हील घेतली तर एकच घर वावरात पोचते. पाणंद झाली तर मोटारसायकल, बैलगाडी, उसाची ट्रॉली आणि बाळंतिणीला न्यायला आलेली रुग्णवाहिका, सगळेच पोचतात.

तर निवड कशी करावी

पुढच्या पावसाळ्यात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वहीत नोंद करा, किती दिवस साधी गाडी वावरापर्यंत गेली नाही. दहा-बारा दिवसांच्या आत आकडा आला तर मागच्या चाकांची एमएक्स-३ घ्या, ते दिवस ट्रॅक्टरने किंवा पायी काढा. डोंगरातली वस्ती, घाटाची कच्ची वाट, महिना-दोन महिने तुटणारा रस्ता असेल तर एमएक्स-५ फोर व्हील घ्या, तिथे पैसा सत्कारणी लागतो. आणि टॉप मॉडेल? रोज दोनशे किलोमीटर महामार्ग तुडवणाऱ्या व्यापाऱ्याला ते लखलाभ होवो. आपल्या पांदीत त्याचे काम नाही.

शोरूमला जाताना वही सोबत न्या, आणि घरच्या लक्ष्मीलाही. गाडीत कोण बसणार आणि हप्ता कशातून जाणार, हे तिच्याइतके दुसऱ्या कुणाला माहीत नसते.