पेन्सिल कोणाच्या हाती?

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत 'रायटिंग सेंटर' नावाची एक सोय असते. वर्गात द्यावयाचा निबंध, म्हणजे तेथील भाषेत 'पेपर', घेऊन विद्यार्थ्याने जावे, ट्यूटरपाशी अर्धा-पाऊण तास बसावे आणि आपल्या लेखनाची चर्चा करावी. ट्यूटर पुष्कळदा वरच्या वर्गातला विद्यार्थीच असतो. सोय उत्तम आहे. आमची तक्रार आहे ती तेथे पाळल्या जाणाऱ्या एका व्रताविषयी.

निबंध नव्हे, लेखक सुधारला पाहिजे, असे स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली मांडले. जेफ ब्रुक्स यांनी १९९१ साली त्यापुढे जाऊन ट्यूटरने बसावे कसे तेही सांगितले. कागद विद्यार्थ्याच्या जवळ असावा. ट्यूटर उजव्या हाताने लिहिणारा असल्यास त्याने विद्यार्थ्याला आपल्या डावीकडे बसवावे, म्हणजे कागदापर्यंत हात सहज पोहोचणार नाही. आणि पेन्सिल तर हाती धरूच नये! हेतू शुद्ध आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे आहेतच, आणि नोव्हेंबर २०२२ पासून चॅटजीपीटीही त्यांच्या जोडीला आले आहे. परक्या हाताला आवर हवाच.

परंतु मराठी माध्यमातून शिकून तेथे गेलेल्या आमच्या मुलाचे काय? त्याला सांगतात, परिच्छेद मोठ्याने वाच, कानाला कोठे खटकते ते पाहा. तो वाचतो, 'गव्हर्न्मेंट टुक डिसिजन'. त्याला काहीच खटकत नाही. खटकावे तरी कसे? 'सरकारने निर्णय घेतला' या वाक्यात कशाची उणीव आहे? 'ए', 'ॲन', 'द' ही उपपदे मराठीत नाहीतच. मग ट्यूटर हसतमुखाने विचारतो, "तुला काय वाटते?" मुलाला वाटते, आपली तोंडी परीक्षा चालली आहे. प्रश्न विचारून उत्तर काढण्याची सॉक्रेटिसाची रीत थोर खरी, पण आत जे नाहीच ते बाहेर कसे निघावे? ज्याचा कान इंग्रजीत वाढला त्याच्यासाठी केलेला नियम दुसऱ्यावर लादणे याला आम्ही तत्त्वनिष्ठा म्हणत नाही.

लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी १९९५ साली याच व्रतावर टीका करताना संगीतशिक्षणाचा दाखला दिला होता. तो समजण्यास आम्हांला दूर जावयास नको. चर्चमधल्या गायकवृंदाचे गुरुजी नवी चाल आधी स्वतः गाऊन दाखवितात. म्हणून नाताळच्या मिस्साला गुरुजींनीच गायिले, असे कोणी म्हणते काय?

एक वाक्य सुधारून दिले की विद्यार्थी सगळा निबंध पुढे करील, ही भीती आम्ही ऐकून आहो. ती अगदीच खोटी नाही. काही मुले सादर करण्याच्या आदल्या रात्री पोहोचतात आणि ट्यूटरला धोबी समजतात. त्यांना परत पाठवावे. परंतु जो आठवडाभर आधी, प्राध्यापकांचा प्रश्न आणि अर्धामुर्धा मसुदा घेऊन येतो, त्याची तीन वाक्ये कारणासह सुधारून दाखवावीत व चौथे त्याच्यावर सोडावे. यात कोणते पातित्य?

आमच्या मुलांनीही संकोच सोडावा. तेथे जाणे हे कच्चेपणाचे लक्षण आहे, असे मानून कित्येक जण त्या दाराशी फिरकतच नाहीत. जावे, आणि खुर्चीवर बसताच सांगावे, "'द' कोठे येतो ते मला कळत नाही. विचारू नका, सांगा."