अभ्यासाआधीचं फूल

जे. एम. कॅम्पबेल हे मुंबईत जमीनमहसूल, जकात आणि अफू खात्याचे कलेक्टर होते. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षीदारांचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि १८९४ मध्ये भलाथोरला अहवाल दिला. त्याला या कॅम्पबेलसाहेबांचं एक टिपण जोडलेलं आहे, धर्माच्या अंगाने या झाडाकडे पाहणारं. काशीला शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पाठाला बसण्याआधी भांग देतात आणि तिथले व उज्जैनचे बैरागी चित्त परमेश्वरापाशी स्थिर व्हावं म्हणून ती पितात, असं त्यात नोंदवलं आहे. अफू खात्याचा गोरा अंमलदार इतक्या भक्तिभावाने लिहितो की एखाद्या मठाची वर्गणी भरून आलाय की काय, असं वाटतं.

सव्वाशे वर्षं उलटल्यावर तोच दावा मी झुरिकमध्ये ऐकला, भाचीच्या तोंडून. मधल्या काळात त्यातून परमेश्वर गळला होता आणि नशाही.

भाची तिथे एका विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करते. तिच्या लॅपटॉपशेजारी काचेची बरणी होती, आत हिरवट, चिकट, सुकलेली फुलं. झाकण काढलं तर वास थेट त्र्यंबकेश्वरच्या कुंभातल्या आखाड्यांचा. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "मामा, असं तोंड करू नकोस. याने चढत नाही. डोक्यातली वटवट थांबते, मग दोन तास सलग काम होतं." बरणी कोपऱ्यावरच्या दुकानातून रीतसर पावती करून आणलेली. स्वित्झर्लंडमध्ये ज्या फुलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, एक टक्क्यापेक्षा कमी असतं ते अमली पदार्थांच्या कायद्यात मोडत नाही. २०१७ मध्ये तर तिथल्या कूप या सुपरमार्केट साखळीने हेम्पच्या सिगारेटी विकायला ठेवल्या. अमेरिकेने २०१८ च्या शेतीकायद्यात हीच रेघ ०.३ टक्क्यावर ओढली.

हेम्प म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला ताग आठवतो किंवा अंबाडी. हे त्यातलं काही नव्हे. हे गांजाचंच झाड. मादी झाडांच्या आसपासची नर झाडं वेळीच उपटली की बी धरत नाही आणि फुलोऱ्यावर राळेच्या बारीक ग्रंथी दाटतात. त्या ग्रंथींत आधी एक मूळ आम्ल तयार होतं. पुढे कोणतं विकर कामाला लागतं यावर सगळं ठरतं: एका वाणात त्या आम्लाचं टीएचसीच्या वाटेने रूपांतर होतं, दुसऱ्यात सीबीडीच्या वाटेने. सीबीडीने नशा येत नाही. पण ते विकरही तंतोतंत काम करत नाही. सीबीडी बनवता बनवता थोडं टीएचसी सांडतंच. म्हणून 'बिननशेच्या' फुलातही ते शून्य नसतं. ही बाब लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागेल. या दोन्ही द्रव्यांची रचना उलगडली ती इस्रायलच्या राफाएल मेशुलाम यांनी, १९६३ आणि १९६४ मध्ये. त्यासाठी त्यांनी पोलिसांकडून पाच किलो जप्त हशीश मागून आणला होता, तोही साध्या बसमधून. सहप्रवाशांना वास आला असणारच.

आता मुद्दा एकाग्रतेचा. याने खरंच लक्ष लागतं का?

ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाच्या रिबेराँव प्रेतो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. चारचौघांत बोलायची विलक्षण भीती असलेल्या २४ माणसांना त्यांनी भाषण करायला लावलं. दीड तास आधी निम्म्यांना ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं, निम्म्यांना नुसती पोकळ गोळी. सीबीडीवाल्यांची भीती उतरली आणि बोलताना विचारांचा होणारा गोंधळही कमी झाला. भाचीचा दावा इथे थोडासा खरा ठरतो: भीतीने अडलेलं डोकं भीती ओसरल्यावर चालू लागतं. पण २०१९ मध्ये ५७ निरोगी पुरुषांवर १५०, ३०० आणि ६०० मिलिग्रॅमचे डोस देऊन पाहिले, तेव्हा काम केलं ते फक्त मधल्याने. कमी घेतलं तर काही नाही, जास्त घेतलं तरी काही नाही. आता बरणीवर '१५ टक्के सीबीडी' लिहिलेलं असतं. म्हणजे एका ग्रॅममध्ये कागदोपत्री १५० मिलिग्रॅम. त्यातलं चिमूटभर जळतं, श्वासातून आत जातं आणि त्यातलाही साधारण तिसरा हिस्सा रक्तात पोहोचतो. गिळलेल्या कॅप्सूलमधून फारच थोडं पोहोचतं. तेव्हा प्रयोगशाळेतला हिशेब बरणीला लावता येत नाही आणि बरणीचा प्रयोगशाळेला. तिथला मधला डोस आपल्या चिमटीत बरोबर सापडेल, ही आशा म्हणजे अंधारात दगड.

ज्यांचं लक्ष मुळातच ठरत नाही, अशा अटेन्शन डेफिसिटच्या ३० प्रौढांवर लंडनमध्ये एक चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये आला. औषध तोंडात फवारायचं होतं, त्यात टीएचसी आणि सीबीडी जवळपास सारखं. ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. निव्वळ सीबीडीच्या फुलाने निरोगी माणसाचं चित्त एकाग्र होतं, एवढं सांगणारा भक्कम पुरावा मला कुठे भेटलेला नाही. दुकानदार मात्र 'शांत' आणि 'एकाग्र' हे दोन शब्द एकाच लेबलावर छापून मोकळे होतात. परीक्षेच्या धसक्याने ज्याची अक्षरं नाचतात आणि ज्याला विषयाचा कंटाळा आला म्हणून जो दर दोन मिनिटांनी मोबाइल उचलतो, ती दोन निराळी माणसं आहेत. पहिल्याला कदाचित उपयोग होईल. दुसऱ्याला झोप येईल.

मला आली. भाचीच्या आग्रहाखातर, तिच्याकडच्या वाफ काढणाऱ्या यंत्रातून मीही घेऊन पाहिलं. पाच-सात मिनिटांत खांदे सैल झाले, जबड्याची पकड सुटली. या सदराचा अडलेला परिच्छेद होता तिथेच राहिला. मग पेंग.

कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचा २०२१ मधला एक प्रयोग मला या साऱ्यात सर्वांत बोलका वाटतो. ४३ निरोगी माणसांना दोनदा तेल दिलं. एकदा सांगितलं, यात सीबीडी आहे. एकदा सांगितलं, नाही. खरं तर दोन्ही वेळा ते नव्हतंच. तरी 'आहे' म्हटल्यावर माणसं सुस्तावली, आणि सीबीडीवर आधीपासून विश्वास असलेल्यांची चिंताही कमी झाली. भाचीला निरखून पाहिलं तेव्हा मला हे आठवलं. ती फूल कुस्करते, यंत्र तापेपर्यंत खिडकीशी उभी राहते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून येते, सावकाश चार श्वास घेते आणि मग बसते. यातलं फूल वगळलं तरी बरंच काही उरतं. तिला मी हे म्हटलं, तर ती म्हणाली, "पण फुलाशिवाय मी फोन ठेवत नाही ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. जाळून ओढलं तर धूर तो धूरच, फुफ्फुसाला त्यातली जात कळत नाही. सीबीडी यकृतातल्या विकरांच्या कामात ढवळाढवळ करतं. फिट्सवरचं क्लोबाझाम किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याने तर त्याच्या वाटेला जाऊच नये. आणि ते सांडलेलं टीएचसी. अमेरिकेत सहा जणांना १०० मिलिग्रॅम सीबीडी आणि जेमतेम ३.७ मिलिग्रॅम टीएचसी असलेल्या गांजाची वाफ दिली, तर त्यातले दोघे पुढे लघवीच्या अमली पदार्थ चाचणीत सापडले. आपल्या कोकणातली आणि मुंबईतली कितीतरी मुलं मर्चंट नेव्हीत आहेत. बोटीवर अशा चाचण्या होतात आणि 'साहेब, ते बिननशेचं होतं' हा खुलासा तिथे कुणी ऐकून घेत नाही. खुद्द स्वित्झर्लंडमध्येही हे फूल ओढून गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात टीएचसी निघालं तर परवान्यावर गदा येते.

भारतात तर प्रश्न त्याच्याही अलीकडे संपतो. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळावर आलेले शेंडे, मग त्यांना कुठल्याही नावाने ओळखा. व्याख्येत टीएचसीचा आकडाच नाही. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया तेवढ्या बाहेर ठेवल्या आहेत, म्हणून शिवरात्रीची भांग वेगळ्या खात्यात जाते. फुलाला सूट नाही, चढो वा न चढो. एक किलोपर्यंतचा साठा 'अल्प' धरला जातो हे खरं, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशातून आणलं तर आयातीचं कलम वेगळं. कायदा असा सरसकट असावा का? माझं मत आहे, नसावा. ज्यात नशाच नाही त्याला नशेच्या तराजूत तोलणं शहाणपणाचं नाही, आणि उत्तराखंडने २०१८ पासून कमी टीएचसीच्या झाडाची लागवड धागा-बियांसाठी सुरू करून वाट दाखवली आहेच. पण कायदा बदलेपर्यंत विमानतळावरचा अधिकारी माझं मत विचारणार नाही.

आपल्याकडे ऑनलाइन दिसणारं 'हेम्प' बहुतेक वेळा बियांचं असतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बी, बियांचं तेल आणि पीठ खायला परवानगी दिली. त्यात सीबीडी जवळपास नसतंच. पहाडी लोक त्याची चटणी करतात, फार चविष्ट लागते, एकाग्रतेशी तिचा संबंध नाही. विजया, म्हणजे भांग, हिच्यापासूनची आयुर्वेदिक औषधं मिळतात, ती वैद्याच्या चिठ्ठीवर. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कुणी 'लीगल आहे रे' म्हणून फुलांची पुडी दाखवली, तर ती लीगल नाही, आणि पुडीत नक्की काय आहे हे दाखवणाऱ्यालाही माहीत नाही. सरकारी नोकरीसाठी रात्रंदिवस घोकणाऱ्याने अशा पुडीपायी गुन्हा नोंदवून घ्यावा, याहून वाईट सौदा मला सुचत नाही.

दिवाळीला परदेशातून घरी येणाऱ्यांना एक विनंती. तिथे कायदेशीर असेल तर तिथे घ्या, तो तुमचा प्रश्न. बॅग भरताना मात्र बरणी तिथेच ठेवून या. दुबई किंवा सिंगापूरमार्गे येत असाल तर खिसे, कप्पे, जॅकेट पुन्हा एकदा तपासा. त्या दोन्ही ठिकाणी सीबीडीलाही बंदी आहे.